हाय-हॅटचं पेडल: २ आणि ४ वर पाय टाकला की ‘फुस्स’ आवाज येतो, नडगी भरून येते

धागेनाती:

तबल्यावरून ड्रम्सकडे आलोय, त्यामुळे हातांचं फारसं अडत नाही. अडतंय ते डाव्या पायाशी.

सामान असं: १४ इंची हॅट (हाय-हॅट, म्हणजे स्टँडवर एकावर एक बसवलेले, पेडलने मिटणारे दोन सिंबल), सेकंड-हँड तीन पायांचा स्टँड, खाली फरशी आणि त्यावर सतरंजी. हॅट बंद ठेवून उजव्या हाताने एट्थ नोट्स (एका ठोक्यात दोन) वाजवतो तोवर सगळं ठीक असतं. उजवा हात राइडवर (बाजूच्या मोठ्या सिंबलवर) नेऊन डाव्या पायाने २ आणि ४ वर (चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर) हॅट मिटायला लागलो की चार गोष्टी होतात.

‘चिक्’ असा कोरडा आवाज यायला हवा, त्याऐवजी ‘फुस्स’ येतो. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोक्यांच्या) वर गेलो की नडगीच्या पुढचा स्नायू पेटतो. किक (उजव्या पायाने वाजणारा मोठा ड्रम) ‘दोनच्या अँड’वर, म्हणजे दोन आणि तीनच्या मधोमध, आली की डावा पायही तिथेच पडतो. आणि दोन गाण्यांत स्टँड वीतभर पुढे सरकतो.

टाच टेकवून वाजवावं की उचलून? सर उचलून वाजवा म्हणतात, व्हिडिओंमध्ये अर्धे लोक टेकवून वाजवताना दिसतात. यातलं नेमकं कुठून सुरू करू?

बॅकलाइन_ठाणे:

आधी स्टँडकडे बघा, मग पायाकडे. चारपैकी दोन तक्रारी सरळ हार्डवेअरच्या आहेत.

‘फुस्स’चं कारण हवा. दोन्ही सिंबल तंतोतंत सपाट मिटले की मधली हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कडा एकमेकींवर नीट आपटतच नाहीत. म्हणून खालचा सिंबल किंचित तिरका ठेवायचा असतो. तो ज्या बैठकीवर बसतो तिच्या खालून एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की बैठक एका अंगाने उचलली जाते. अर्धा फेरा फिरवा, पायाने वाजवा, ऐका, पुन्हा अर्धा फेरा. कुठेतरी आवाज एकदम कोरडा होतो, तिथे थांबा. त्याच्या पुढे गेलात तर कड एकाच बिंदूवर लागते आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. हवेच्या याच भानगडीसाठी पाइस्टे या सिंबल कंपनीने ‘साउंड एज’ जोडीत खालच्या सिंबलची कड नागमोडी केली आणि झिल्डजियन कंपनीने ‘क्विक बीट’ जोडीच्या खालच्या सिंबलला भोकं पाडली. साध्या जोडीला स्क्रू पुरतो.

सेकंड-हँड म्हणताय, तर वरचा-खालचा सिंबल उलटा लागलेला नाही ना तेही बघा. सहसा जड असतो तो खाली.

आता क्लच. वरच्या सिंबलला दोन फेल्टांच्या (नमद्याच्या चकत्यांच्या) मध्ये धरून पेडलने हलणाऱ्या दांड्यावर बसवणारा भाग तो. वरचे दोन नट एकमेकांवर आवळून लॉक करायचे असतात, पण सिंबलवर दाबून नाही. बोटाने ढकललं तर सिंबल थोडा डोलला पाहिजे. अगदी घट्ट असेल तर तो गुदमरतो. फार सैल असेल तर पाय पडल्यावर आवाज क्षणभर उशिरा आणि फाटका येतो. क्लचच्या तळाचा नट ही कायमची डोकेदुखी: वाजवता वाजवता फिरून सुटतो आणि वरचा सिंबल खालच्यावर बसून राहतो. दर वेळी सुरू करण्याआधी हाताने आवळा. आटे झिजले असतील तर नळाला लावतात त्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या.

दोन सिंबलमधलं अंतर सुरुवातीला २ ते अडीच सेंटीमीटर. क्लचचा विंग स्क्रू सैल करून वरचा सिंबल खालच्यावर टेकू द्या, पेडल साधारण निम्मं दाबा, त्या स्थितीत स्क्रू आवळा आणि पाय सोडा. दांडा जेवढा खाली आला होता तेवढं अंतर मिळतं. अंतर ४-५ सेंटीमीटर ठेवणाऱ्यांचा पाय नेहमी हाताच्या मागे पडतो, कारण त्याला दुप्पट वाट चालायची असते.

दांडा दोन तुकड्यांचा असेल तर वरचा तुकडा खालच्यात पूर्ण फिरवून बसवा. वाकलाय अशी शंका असेल तर काढून काचेवर लोळवा, लगेच कळतं. कुरकुरत असेल तर दांडा जिथून नळीत शिरतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. फेल्टला तेल लागू देऊ नका.

सरकण्याचं म्हणाल, तर फरशीवरची सतरंजीच स्टँडला घेऊन निघते. रबरी पाठीचा गालिचा घ्या आणि स्टूलही त्याच गालिच्यावर ठेवा. तुमचं स्वतःचं वजन त्यावर असलं की तो हलत नाही. निम्म्या लोकांचं स्टूल गालिच्याबाहेर फरशीवर असतं आणि मग दर आठवड्याला नवीन चिकटपट्टी आणतात. स्टँडच्या टोकदार खिळ्या बाहेर काढा. तीन पायांच्या स्टँडचे पाय फार खाली ओढले तर पेडलखालची पट्टी जमिनीवरून उचलली जाते. ती पूर्ण टेकलेली हवी.

शेवटचं, स्प्रिंग. नॉब असेल तर मधोमध ठेवा. टाच टेकवून चवडा नुसता ठेवला, जोर न लावता, की हॅट मिटायला यावी. बोटं उचलताच ती मागे न रेंगाळता उघडावी. बोटं उचलली तरी हॅट आळसटून उघडत असेल तर स्प्रिंग वाढवा. हॅट मिटलेली ठेवायलाच जोर लागत असेल तर कमी करा. स्वस्त स्टँडवर नॉब नसतो, तिथे तेल आणि सरळ दांडा एवढंच आपल्या हातात.

टाच_खाली:

हार्डवेअरचं वर नीट आलंय. माझ्या मते बाकीच्या त्रासाचं मूळ पाय उचलण्यात आहे. सगळे जण पेडल कसं दाबायचं ते विचारतात. दाबायला पिंढरीचा मोठा स्नायू आहे आणि पायाचं वजनही मदतीला असतं. उचलायला मात्र नडगीवरचा तो सडपातळ स्नायू एकटा आहे. ‘चिक्’ झाल्या झाल्या तुम्ही पाय वर घेत असणार आणि पुढच्या ठोक्यापर्यंत चवडा हवेत धरून ठेवत असणार. म्हणजे चारपैकी जवळजवळ चारही ठोके तो स्नायू ताणलेला. ९० ला पेटणारच.

त्याऐवजी बंद ही विश्रांतीची जागा धरा. टाच टेकलेली, चवडा फूटबोर्डच्या (पेडलवर पाय ठेवायच्या पट्टीच्या) वरच्या तिसऱ्या भागात, हॅट मिटलेली. तीनवर बोटं उचला, फक्त सिंबल सुटे होतील इतकी, सेंटीमीटरभर पुरतं. चारवर चवडा खाली सोडा आणि तसाच राहू द्या. एकवर उचला, दोनवर सोडा. पाय दोन ठोके खाली नसतो, दोन ठोके वरही नसतो. एक खाली, एक वर. स्नायूला निम्मा वेळ सुट्टी मिळते. शिवाय आवाज कोरडा येतो, कारण सिंबल मिटल्यावर मिटलेलेच राहतात. लगेच उचललं की ते शेपूट सोडतात.

मिटल्यानंतर आणखी दाबू नका. आवाज मिटतानाच्या वेगातून येतो, नंतरच्या जोरातून नाही.

चवडा कुठे ठेवायचा यावर एक शब्द. बिजागरी टाचेकडे आणि साखळी बोटांकडे असते. चवडा साखळीच्या जितका जवळ तितका जोर कमी लागतो, पण पायाची हालचाल लांबते. मागे घेतला की हालचाल छोटी, जोर जास्त. बूट किती मोठा त्यावरही हे बदलतं, म्हणून दोन-तीन जागी ठेवून बघा आणि सापडलेल्या जागेवर पेन्सिलने खूण करा. बूट पातळ, सपाट तळाचा. अनवाणी चालतं, घाम आला की घसरतं. चप्पल नको.

स्टूल इतकं उंच की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. मांडी आडवी किंवा गुडघे वर असतील तर नडगीचा स्नायू आधीच आखडलेला असतो. स्टूलच्या पुढच्या अर्ध्यावर बसा.

६० बीपीएमला फक्त पाय, दोन मिनिटं, हात मांडीवर. चारही ठोक्यांवर ‘चिक्’ नाही, फक्त २ आणि ४. मग ७०, ८०. जळजळ सुरू झाली की थांबा, दहा बीपीएम खाली या. जळजळ थांबल्यावर ओसरते. टोचणारी कळ किंवा बोटं बधिर होणं वेगळं, तेव्हा त्या दिवशी पेडल बंद.

टाच टेकवून हे १२० पर्यंत जमलं की झुलता पाय शिका: एकवर टाच पडते आणि बोटं उचलली जातात, दोनवर चवडा पडतो आणि टाच सुटते. पाय पुढे-मागे झुलतो, चारही ठोके शरीरात राहतात आणि ऐकू मात्र दोनच येतात. जॅझवाले रात्र रात्र २ आणि ४ धरतात ते बहुधा याच्या जोरावर.

गणपती_ते_गोवा:

वरच्या ‘टाच टेकवून’ला माझा अर्धाच पाठिंबा. बैठकीत, क्लबमध्ये, मराठी भावगीतांच्या कार्यक्रमात टाच टेकवून येणारं ‘चिक्’ पुरेसं आहे. ऑर्केस्ट्रात ब्रास (ट्रम्पेट वगैरे) पेटलेला असताना ते तुम्हाला स्वतःलाही ऐकू येत नाही, आणि हॅटला वेगळा माइक असेलच याची खात्री नसते. सर उचलून वाजवा म्हणतात त्याला कारण आहे. टाच दोन-तीन सेंटीमीटर वर, हालचाल घोट्यातून कमी आणि मांडीच्या मुळापासून जास्त, पाय स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा.

अडचण तोलाची. उजवी टाच किकसाठी आधीच हवेत असते. डावीही उचलली की सगळं वजन बुडावर येतं आणि नवशिका मागे रेलतो. परीक्षा सोपी आहे: दोन्ही पाय जमिनीपासून उचलून हातांनी साधा ठेका धरा. धड डुलत असेल तर स्टूल पुढे घ्या किंवा थोडं खाली करा, मग टाच उचला.

दोन्ही शिका. क्रम मात्र टाच टेकवूनच, कारण तिथे चूक लपत नाही.

खालीपाच:

तबल्यावरून आलेल्यांचा डावा पाय कुठे चुकतो ते बघा. केरव्याच्या आठ मात्रा घ्या, एक मात्रा म्हणजे एक एट्थ नोट. सम १ वर, खाली ५ वर. ड्रम्सच्या मोजणीत हेच १ आणि ३. वर्षानुवर्षं शरीराला वजन तिथे द्यायची सवय. हॅटचा पाय मात्र ३ऱ्या आणि ७व्या मात्रेवर मागितला जातो, जिथे केरव्यात ना टाळी ना खाली. पाय बिथरतो तो म्हणून.

म्हणून दादऱ्यापासून सुरू करा. सहा मात्रा, सम १, खाली ४. सिक्स-एटमध्ये (सहा एट्थ नोट्सच्या तालात) स्नेअर (काठीने वाजवायचा करकरीत आवाजाचा ड्रम) आणि हॅटचा पाय दोन्ही ४ वर पडतात, म्हणजे अगदी ‘खाली’च्या मात्रेवर. उजव्या हाताने राइडवर सहाही मात्रा, किक १ वर, स्नेअर आणि डावा पाय ४ वर. पाय १ वर उचला, ४ वर सोडा. हे तुम्हाला एका बैठकीत जमेल, कारण इथे तुमची सवय मदतीला येते.

मग केरवा. तोंडाने आठ मोजा आणि फक्त दोन पाय वाजवा:

उजवा १, डावा ३, उजवा ४, उजवा ५, डावा ७.

तुमची तिसरी तक्रार यातच आहे. ‘दोनचा अँड’ म्हणजे चौथी मात्रा. डावा पाय ३ वर मिटलेला आहे आणि ४ वर त्याला एकच काम आहे: दाबून राहणं. टाच_खाली यांनी सांगितलेला ‘सोडा आणि तसाच राहू द्या’ इथे कामाला येतो. ३ नंतर लगेच पाय वर घेतलात तर ४ वर तो उजव्याच्या सोबत पडायला मोकळाच असतो. उचलायचा ५ वर, उजवा पाय किक मारतो तेव्हा. म्हणजे ५ वर एक पाय पडतो, दुसरा उठतो. ही उलट हालचाल पहिल्यांदा विचित्र वाटते. मात्रा अशा मोजा की एक मात्रा म्हणजे मेट्रोनोमचा एक टिक्, टिक् १०० वर. म्हणजे ड्रम्सच्या हिशेबाने फक्त ५० बीपीएम. त्याहून वर जायची घाई नको.

पाय जुळले की हात एकेक करून आणा. आधी राइड आणि डावा पाय. मग स्नेअर आणि डावा पाय. तिघं एकदम शेवटी. स्नेअर आणि हॅट ३ आणि ७ वर एकत्र पडतात, तिथे फोनवर रेकॉर्ड करून ऐका. एकच आवाज यायला हवा. ‘ठ्क’च्या ऐवजी ‘ठचिक्’ ऐकू आलं तर पाय उशिरा आहे, आणि बहुतेक वेळा कारण सिंबलमधलं जास्त अंतर हेच निघतं.

पुढची पायरी मेट्रोनोमची. ८० वर वाजवायचं असेल तर टिक् ४० ठेवा आणि तो टिक् २ आणि ४ समजा. पाय टिक्वर बसला की टिक् ऐकू येईनासा होतो. पहिल्या काही मिनिटांत टिक् आपोआप १ आणि ३ वर सरकल्यासारखा वाटेल. थांबून पुन्हा सुरू करा, ओढूनताणून चालू ठेवू नका.

धागेनाती:

स्क्रू पूर्ण बाहेर होता, सिंबल सपाट बसले होते. दीड फेरा दिला आणि ‘चिक्’ आला. स्टूलही गालिच्यावर घेतलं. दादऱ्याची युक्ती जमली, केरव्यात ५ वर पाय उचलताना अजून गोंधळ आहे.

दोन प्रश्न. रात्री रबरी पॅडच्या इलेक्ट्रॉनिक किटवर हा सराव चालेल का? आणि पायानेच हॅट उघडी वाजवून ‘त्शाऽऽ’ करतात ते कसं?

शांत_शेजारी:

किटचं पेडल कुठल्या प्रकारचं आहे ते महत्त्वाचं. जमिनीवर ठेवायचं सुटं पेडल असतं, त्यात खरा दांडा नसतो, सिंबलचं वजन नसतं, स्प्रिंग सगळ्यांना सारखीच. मात्रांचा सराव त्यावर उत्तम होतो, आवाजाचा आणि उचलण्याच्या मापाचा होत नाही. खऱ्या स्टँडवर क्लचने लावायचं पॅड असेल तर दोन्ही होतं, पण ते बसवल्यावर आणि अंतर बदलल्यावर दर वेळी मॉड्यूलमध्ये (किटचा आवाज काढणाऱ्या डब्यात) उघडी आणि बंद स्थिती नव्याने नोंदवायला लागते. ती चुकली की पाय पूर्ण दाबूनही मॉड्यूल हॅट अर्धी उघडी समजतं, आणि माणूस उगाच जास्त दाबायला शिकतो. ती सवय खऱ्या हॅटवर गेली की आवाज मेलाच.

पॅडचा टकटकाट कोणी ऐकत नाही. खालच्या मजल्यावर पोचतो तो पायाचा दणका, स्लॅबमधून. टाच उचलून वाजवणं रात्री बंद. पेडलखाली जाड फोम, त्यावर प्लायवुडचा तुकडा, त्यावर रबरी गालिचा. नुसता फोम ठेवला तर पेडल डुलतं.

टाच_खाली:

‘त्शाऽऽ’बद्दल. पायाने सिंबल आपटून लगेच सोडायचे, मिटून ठेवायचे नाहीत. म्हणजे आतापर्यंत शिकलेल्याच्या बरोबर उलट, म्हणून ‘चिक्’ पक्का झाल्याशिवाय याला हात, म्हणजे पाय, लावू नका. गरम तव्याला बोट लागल्यासारखा पाय मागे यायला हवा. अंतर थोडं वाढवा, तीन सेंटीमीटरच्या आसपास. अंतर कमी असेल तर सिंबल सुटल्यावरही एकमेकांना घासतात आणि नाद मोकळा होत नाही.

चवड्याने हे करण्यापेक्षा टाचेने सोपं जातं. बोटं वर धरून टाच फूटबोर्डच्या खालच्या भागावर टाकायची. तिथे पेडलची हालचाल थोडीच होते, त्यामुळे सिंबल फक्त स्पर्श करून सुटतात. मग १ आणि ३ वर टाचेने ‘त्शाऽऽ’, २ आणि ४ वर चवड्याने ‘चिक्’. झुलता पाय शिकलात की अर्धं काम झालेलंच असतं.

गंमत म्हणजे पायाने वाजवणं हेच या वाद्याचं मूळ. १९२०च्या दशकात जमिनीलगत, घोट्याच्या उंचीवर, दोन सिंबल पेडलने आपटत. त्याला लो-बॉय म्हणत. काठी पोचावी म्हणून दांडा उंच झाला तो नंतर. ३०च्या दशकात काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात ड्रमर जो जोन्स यांनी उघड्या-मिटत्या हॅटवर अख्खा ठेका पेलला. ६०च्या दशकात ड्रमर टोनी विल्यम्स माइल्स डेव्हिसच्या जॅझ पंचकात २ आणि ४ सोडून चारही ठोक्यांवर पाय वाजवताना ऐकू येतात. ते ऐकून चारही ठोके मिटायचा मोह होतो; तुमची नडगी अजून त्या लायक नाही.

हाताने वाजवताना हॅट उघडायची असेल, समजा चारच्या अँडवर, तर काठी लागते त्याच क्षणी बोटं उचला. आधी उचललीत तर मागचा ठोकाही उघडा येतो. सिंबल काही मिलिमीटरच सुटू द्या, म्हणजे ते एकमेकांवर थरथरतात आणि आवाज दाट येतो. मिटणं पुढच्या एकवर, नेमकं. तिथे काठी पडो वा न पडो. मिटायला उशीर झाला की सगळा ठेका सैल वाटतो, आणि बहुतेक जण त्याचा दोष हाताला देतात.

बॅकलाइन_ठाणे:

टाचेच्या ‘त्शाऽऽ’ला एक पुरवणी. काही पेडलांत हील प्लेट वेगळी असते, बिजागरीच्या मागे, आणि ती हलत नाही. तिथे टाच कितीही आपटा, सिंबलला पत्ता नाही. पाय तीन-चार सेंटीमीटर पुढे घ्या म्हणजे टाच बिजागरीच्या पुढे, हलणाऱ्या पट्टीवर पडेल. मोठ्या मापाच्या बुटात बोटं साखळीला लागतात. तेव्हा पाय किंचित तिरका, टाच आतल्या बाजूला.